उपवासातलं चाळिसावं

येशीहरेग माझी शेजारीण. तिच्या आणि माझ्या परसात एक निवडुंगाचं कुंपण आहे आणि आमच्याच जाण्यायेण्यानं त्याला एक भगदाड पडलंय. इतक्या वर्षांत ते बुजवावं असं कुणाच्या मनात आलं नाही. ती मारियामच्या चर्चला जाणारी, मी मशिदीतल्या बांगेवर उठणारी. हायक गावात असल्या शेजारणी पावलोपावली आहेत.

ती वाद्लाच्या पठारावरून लग्न होऊन आली तेव्हा अंगानं काडी होती. आवाज बारीक, मान खाली. बायका म्हणाल्या, ही सासूच्या हाताखाली चार दिवस टिकायची नाही. सासूची जीभ गावभर गाजलेली. आणि लग्नानंतर थोड्याच दिवसांत त्यांचा ईस्टरआधीचा मोठा उपवास लागला.

त्यांच्या उपवासात मांस नाही, दूध नाही, लोणी नाही, अंडं नाही. दुपार कलल्यावर पहिला घास, तोही डाळी-पाल्याचा, तेलातला. पहिल्या दिवशी सासूनं शिरो केलं, म्हणजे हरभऱ्याच्या पिठाचं कालवण. सगळ्यांना वाढलं. नव्या सुनेनं नुसती इंजेरा, म्हणजे आमची आंबवलेली मऊ भाकरी, घेतली आणि मिरची-मिठाशी खाल्ली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. सासूनं आळीत ओरड केली की महाराणीला आमच्या घरचं गोड लागत नाही. आठवडाभरानं नवऱ्यानं, दाम्तेवनं, खोदून विचारलं तेव्हा ती खालच्या मानेनंच म्हणाली की मडक्याला लोण्याचा वास आहे. सणाला ज्यात कोंबडी शिजते त्यातच आई शिरो करतात. त्यांना चालत असेल, मला चालत नाही.

सासू म्हणाली, हिच्या नाकात मांजर बसलंय. पण येशीहरेगनं बाजारातून एक छोटं कोरं मडकं आणलं आणि चुलीच्या कडेला आपलं वेगळं रांधायला लागली. भांडली नाही, रडली नाही, मडकंही हलवलं नाही. पुढच्या वर्षीच्या उपवासात सासू त्याच मडक्यातलं मागून खात होती. तेव्हाच मला कळलं होतं की ही बाई मान खाली घालते ती रस्ता नीट दिसावा म्हणून.

उपवासाचं रांधावं तर तिनंच. भाजलेल्या जवसाचं पाणी, करडई वाटून काढलेलं दूध आणि त्यात कुस्करलेली इंजेरा, उकडून ठेचलेल्या हिरव्या मसुरांना मोहरीचा ठसका. आणि तिचे हरभऱ्याचे मासे. तळ्याकाठच्या गावात राहून ही बाई पिठाचे मासे करायची. हरभऱ्याच्या पिठात बर्बेरे हा लाल तिखट मसाला आणि कारळ्याचं तेल घालून घट्ट मळायचं, लाटायचं, सुरीनं माशाच्या आकारात कापायचं, शेपटीला चिरा द्यायच्या, तळायचं आणि मग लालभडक कांद्याच्या रश्श्यात सोडायचं. डोळ्याच्या जागी एक मसूर दाबायची. मी विचारलं होतं, डोळा कशाला गं, पोटात गेल्यावर त्याला काय दिसणार आहे? तर म्हणाली, करायचा तर पुरता मासा करायचा.

दाम्तेव आणि माझा नवरा यिमाम यांची मिळून पिठाची गिरणी होती, बसस्टँडच्या मागे. दोघं लहानपणापासूनचे. दिवसभर पीठ उडून दोघंही पांढरे होत. संध्याकाळी गिरणीच्या दारात उभे राहिले की पाठीमागून मलाही ओळखता येत नसे कोण कुठला. पण जेवायला वेगळे. मांसाचं आमच्याकडे कडक. त्यांनी कापलेलं आम्ही खात नाही, आम्ही कापलेलं ते खात नाहीत. लग्न असो की मयत, यजमान दोन जनावरं पाडतो, दोन चुली मांडतो, दोन मांडव घालतो. त्यात कुणाचा अपमान नसतो. बापजाद्यांपासून चालत आलंय, आणि आपल्यासाठी वेगळं रांधलं म्हणून पाहुणा दुवाच देतो.

दाम्तेव-यिमाम वेगळे जेवायचे ते फक्त बुधवार-शुक्रवार सोडून. ते त्यांचे दर आठवड्याचे उपवासाचे वार. त्या दिवशी येशीहरेग गिरणीवर झाकलेली परात पाठवायची आणि डाळ-पाला-तेलाला कोण कुणाचं म्हणणार? दोघं पिठाच्या पोत्यावर बसून एका परातीतून जेवायचे. बुधवारी यिमाम घरी आला की माझ्या पातेल्यात नुसता डोकावायचा. मी म्हणायची, हो हो, आज तुमचा उपवास होता ना.

दाम्तेव गेला तो त्यांच्या नबियांचा उपवास लागल्याच्या दुसऱ्याच दिवशी. नाताळाआधीचा हा उपवास सुगीत येतो, गिरणीवर रांग लागलेली असते. सकाळी त्यानं पट्टा चढवला, दोन पोती दळली, आणि छाती धरून खाली बसला. यिमामनं पाणी आणेपर्यंत सगळं संपलं होतं. त्याला मातीत ठेवून आल्यावर यिमामनं गिरणीला कुलूप लावलं, किल्ली उशाखाली ठेवली आणि दिवसचे दिवस अंगणात भिंतीला टेकून बसून राहिला. लोक पोती घेऊन यायचे, त्याच्याकडे बघायचे आणि न बोलता दुसऱ्या गावाकडे वळायचे.

येशीहरेगनं डोक्यावर काळं बांधलं. येणाऱ्या-जाणाऱ्यांबरोबर रडली. उपवास तिचा चालूच होता. कुणी म्हणालं, दुःखात एवढं कडक कशाला, थोडं दूध घे. तिनं नकाराची मान हलवली.

महिना होत आला तसा दाम्तेवचा मोठा भाऊ बिरारा गावाकडून आला. शेतकरी माणूस, उंच, खांद्यावर आडवी काठी आणि मागे दाव्याला एक तांबडा बैल. स्वतःच्या गोठ्यातला सगळ्यात चांगला. बैल तिच्या अंगणातल्या निलगिरीला बांधला, कॉफी प्यायला बसला आणि सगळं ठरवूनच आल्यासारखं बोलायला लागला. मयताचा चाळिसावा दिवस नाताळाच्या चार दिवस आधी पडतो. त्या दिवशी पाद्र्यांकडून प्रार्थना करून घ्यायची, थोडं दानधर्म करायचं. जेवण मात्र नाताळ झाल्यावर. मोठा मांडव घालू, बैल पाडू, गावाकडून सगळे येतील. यिमामच्या लोकांसाठी मागच्या बाजूला बोकड आणि त्यांचा कापणारा.

मी तिथंच कॉफीच्या भांड्याशी बसले होते. येशीहरेगनं त्याचा पेला भरला आणि म्हणाली, "दादा, जेवण चाळिसाव्या दिवशीच होईल. उपवासाचं होईल."

बिराराला वाटलं ऐकण्यात चूक झाली. त्यानं परत सगळं सांगितलं, या वेळी सावकाश. तिनंही परत तेच सांगितलं.

"अगं, चार दिवसांचा प्रश्न आहे," तो म्हणाला. "चार दिवस थांबलीस तर त्याला मातीत अवघडणार आहे का?"

"नाही अवघडणार. पण चार दिवसांनी बैल पडेल. बैल पडला की दोन मांडव. मला एकच घालायचाय."

मग त्याच्या ध्यानात आलं. यिमाम भिंतीशी बसलेला कुंपणातून दिसत होता. तिकडे एकदा बघून बिरारानं आवाज खाली केला. पण त्याचा खालचा आवाजही आळीच्या टोकापर्यंत जातो. म्हणाला, तुझ्या नवऱ्याला हेच वेड होतं. माझ्या पोराच्या लग्नात नवरदेवाचा सख्खा काका, पुढच्या मांडवात मानाची जागा ठेवलेली, आणि हा कोरडी इंजेरा घेऊन मागच्या मांडवात यिमामशेजारी जाऊन बसला. व्याही मला विचारायला लागले, तुमच्या भावाचं काही बिनसलंय का. सगळ्या गावासमोर माझी मान खाली गेली.

ते खरं होतं. दाम्तेवनं त्या दिवशी ना त्यांचं मांस खाल्लं ना आमचं. दोन्ही मांडवांच्या मधून कोरडी भाकरी हातात घेऊन चालत गेला होता, ते मी आमच्या मांडवातून पाहिलं होतं.

बिरारा म्हणाला, लोक म्हणतील भावाला डाळीवर पाठवला. गिरणीवाला माणूस, जन्मभर लोकांचं दळलं आणि चाळिसाव्याला बैल मिळाला नाही. शेवटी त्यानं विचारलं, "त्यानं सांगितलं होतं का तुला असं? मरण्याआधी?"

येशीहरेगनं कॉफीचं भांडं खाली ठेवलं. मला वाटलं, आता ती हो म्हणणार आणि वाद मिटणार. मेलेल्याच्या शब्दापुढे कोण बोलतो?

"नाही," ती म्हणाली. "त्यानं काही सांगितलं नाही. मी सांगते आहे."

बिरारा उठला. बैल राहू दे म्हणाला, तुझी अक्कल ठिकाणावर आली की लागेल. आणि काठी खांद्यावर टाकून निघून गेला.

तो गेल्यावर मी तिला चांगलंच झापलं. म्हटलं, हो म्हणाली असतीस तर तुझं काय गेलं असतं? दाम्तेवच्या मनात तेच होतं, ते तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. ती पेले विसळत होती. म्हणाली, "माझं बोलणं मेलेल्या माणसाच्या तोंडी कशाला घालू, लुबाबा? उद्या कुणाला राग आला तर माझ्यावर येऊ दे. त्याच्यावर नको."

पुढचे दिवस तिच्याकडे सारखी ये-जा. तिची दस्से गावात दिलेली मुलगी अयनालेम येऊन रडली, काकांना दुखवू नकोस म्हणाली. येशीहरेगच्या आत्म्याचे वडील, म्हणजे ज्यांच्यापाशी ती पापं कबूल करते ते आब्बाही आले, त्यांना बिरारानंच पाठवलं होतं. आब्बा सरळ माणूस. म्हणाले, प्रार्थना त्या दिवशी व्हायलाच हवी, जेवण तेव्हा घाल की नंतर घाल, चर्चचं काही म्हणणं नाही. आब्बांनी तरी आपली बाजू घ्यावी अशी तिची आशा होती, हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. ती त्यांना दारापर्यंत सोडून आली आणि म्हणाली, बरं झालं. म्हणजे कुणाची मनाई नाही.

मयतीच्या कामाला हात लावणारं त्यांच्या लोकांचं मंडळ आहे, त्याला इद्दिर म्हणतात. मांडव त्यांचा, बाकं त्यांची, मोठमोठी पातेली त्यांची. इद्दिरच्या बायका आल्या आणि त्यांनी नवीच अडचण काढली. मांस असलं की काम सोपं, दोन-चार मोठ्या पातेल्यांत गाव जेवतं. डाळी-पाल्यावर तीनशे माणूस जेववायचं तर निवडा, भिजवा, सोला, वाटा, दहा प्रकार करा, तेव्हा कुठं पान भरल्यासारखं दिसतं. एवढे हात आणायचे कुठून?

येशीहरेगनं माझ्याकडे बोट दाखवलं. "हिच्याकडच्या बायका येतील."

मला कुणी विचारलं नव्हतं. आणि आमच्या बायका येणार म्हणजे काय, एका चुलीवर कशा येणार? इद्दिरच्या पातेल्यांत वर्षानुवर्षं त्यांचं मांस शिजलेलं. आमच्या पातेल्यांत आमचं. मी तसं तोंडावर बोलले. इद्दिरच्या बायकांनी माना डोलावल्या, ही बरोबर बोलते आहे म्हणाल्या.

येशीहरेग म्हणाली, मग कोरी मडकी आणू.

दुसऱ्या दिवशी ती अंधारातच निघाली. कुंभारणींचा बाजार डोंगरापलीकडे भरतो, जायला अर्धा दिवस. मी बरोबर गेले, कारण तिला एकटीला सोडणं मला बरं वाटेना. बाजारात तिनं एकेक मडकं बोटानं वाजवून पाहिलं आणि दोन गाढवांवर चढतील तेवढी घेतली. म्हातारी कुंभारीण म्हणाली, लग्न आहे वाटतं घरी. ती म्हणाली, नाही, नवऱ्याचं चाळिसावं. कुंभारणीनं हातातलं एक मडकं परत ठेवलं आणि त्याहून चांगलं काढून दिलं.

परत आल्यावर मडक्यांना कारळ्याचा लेप देऊन पहिला जाळ दिला. तिच्या अंगणात धूर कोंडला आणि बिराराचा बैल त्यात शिंका देत उभा. बैलाला वैरण-पाणी तीच करायची. येणारा-जाणारा म्हणायचा, येशी, हा बघ, तुझ्यासारखाच, पाल्यावर दिवस काढतोय.

मडकी झाली, मग पिठाचं आलं. इंजेरासाठी तेफ हे बारीक धान्य दळायचं, शिरोसाठी आणि माशांसाठी हरभरा. आमची गिरणी बंद. पोती लादून दुसऱ्या गावाला न्यायची म्हणून अयनालेम गाडी बघायला निघाली होती. येशीहरेगनं तिला थांबवलं, ओढणी सारखी केली आणि भगदाडातून आमच्या अंगणात आली. यिमाम भिंतीला टेकून बसला होता. ती त्याच्यासमोर जमिनीवरच बसली.

"भाऊ, माझं दळण आहे."

त्यानं मान वर केली नाही. म्हणाला, वहिनी, माझ्यानं तो पट्टा चढवला जात नाही.

"मग मी चढवते. तुम्ही फक्त दाखवा कुठून चढवायचा."

"तुम्हाला नाही जमायचं ते. हात जाईल."

"मग चला."

मी दारात उभी होते, बाजूला झाले. मग यिमाम आत गेला, उशाखालून किल्ली काढली आणि तिच्या मागोमाग चालायला लागला. महिनाभरात पहिल्यांदा त्यानं पायात वहाणा घातल्या.

मीही पाठोपाठ गेले. गिरणीच्या दारात तो एकदा अडखळला. आत जातं जिथं थांबलं होतं तिथंच थांबलेलं, पेटीत कुणाचं तरी अर्धं दळण तसंच. त्यानं ते नीट काढून पिशवीत भरलं. मग पट्टा चढवला. यंत्र सुरू झालं आणि त्याच्या आवाजात तो ओक्साबोक्शी रडला, म्हणजे रडताना दिसला, ऐकू काही आलं नाही. येशीहरेग पेटीत हरभरा ओतत राहिली. दळण संपेपर्यंत दोघं पांढरेफटक झाले होते. संध्याकाळपर्यंत बातमी पसरली आणि दाराशी पोत्यांची रांग लागली.

चाळिसाव्याच्या आदल्या दिवशी तिच्या परसात चाळीस-एक बायका असतील, निम्म्या त्यांच्या, निम्म्या आमच्या. सुरुवातीला दोन टोकांना दोन घोळके. पण कांदा सोलताना किती वेळ अंतर ठेवणार? डोळे सगळ्यांचेच वाहतात. थोड्या वेळानं बर्बेरे किती घालायचा यावरून तंटा सुरू झाला, आणि तंट्यात बाजू अशा पडल्या की डोंगराकडच्या सगळ्या एकीकडे आणि तळ्याकडच्या सगळ्या एकीकडे. माझी जाऊ आणि मारियामच्या चर्चची झाडूवाली एका बाजूनं भांडत होत्या. येशीहरेग एका फळीशी बसून मासे कापत होती. तिनं मला आणि आणखी चौघींना शिकवलं. माझ्या पहिल्या माशाकडे बघून म्हणाली, हा मासा नाही, हा उंदीर आहे, परत मळ.

पिण्याचंही तिनं ठरवलेलं होतं. त्यांच्याकडे अशा जेवणाला घरची बिअर लागते. तिनं भाजलेल्या जवाचं गोड करीबो केलं, जे आम्हालाही चालतं. इद्दिरची एक म्हातारी कपाळावर हात मारून म्हणाली, मांस नाही, दारू नाही, दाम्तेव बिचारा मुसलमान होऊन गेला की काय. आमच्यातली एक लगेच म्हणाली, मावशी, मुसलमान असता तर मांस तरी मिळालं असतं. सगळ्या हसल्या. येशीहरेगही हसली. काळं बांधल्यापासून तेव्हाच मी तिला हसताना पाहिलं.

चाळिसाव्या दिवशी पहाटे चर्चमध्ये प्रार्थना झाली. दुपारपासून माणसं यायला लागली. आमच्यातले पुरुष नमाज आटपून आले. दुपार कलल्याशिवाय त्यांच्यातलं कुणी घास घेणार नव्हतं, म्हणून आमच्यातल्यांनीही हात आवरले. यिमामचा चुलता म्हणाला, रमजान या वर्षी दोनदा आला.

मांडव एकच होता. लोक दाराशी येऊन थबकायचे. सवयीनं विचारायचे, आमची बाजू कुठली? येशीहरेग तिथंच उभी होती. प्रत्येकाला तेच सांगायची, बाजू नाही, जागा बघा आणि बसा. काहींना ते ऐकूनही पाऊल उचलवेना. आमच्यातले दोघं-तिघं कोपऱ्यात गोळा झाले, त्यांच्यातले काही खांबापाशी. मधली बाकं रिकामी. मला वाटलं, एवढं करून हे असंच राहणार. मग यिमाम उठला आणि मांडवाच्या अगदी मधोमध जाऊन बसला. त्याच्या एका बाजूला आब्बा येऊन बसले. त्यानंतर लोक पटापट बसत गेले.

दुसरी बाजू अजून रिकामी होती तेव्हा बिरारा आला. गावाकडचे दहा-बारा शेतकरी बरोबर. सकाळपासून चालत आलेले, पाय धुळीनं माखलेले. तो येईल असं मला खरंच वाटलं नव्हतं. भावाचं चाळिसावं टाळून जगात तोंड कुठं दाखवणार, म्हणून आला असेल. दाराशी उभं राहून त्यानं मांडव या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला. येशीहरेगनं वाकून नमस्कार केला. त्याच्या काठीकडे हात पुढे केला, त्यानं ती दिली. बसायला जागा एकच होती, यिमामशेजारी. मोठा माणूस आला म्हणून यिमाम उठायला लागला, तेव्हा बिरारानं त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली दाबलं आणि स्वतः शेजारी बसला.

परात आली. इंजेरावर लाल शिरो, पिवळी वाटाण्याची डाळ, हिरवा पाला, बटाटा-गाजर-कोबी, मोहरी लावलेले मसूर, आणि मधोमध रश्श्यात ओळीनं निजलेले मासे, डोळ्यांसकट. आब्बांनी आशीर्वाद म्हटला, आमच्या म्हाताऱ्यांनी दुवा मागितली. सगळे जेवायला लागले. बिरारा हात गुडघ्यावर ठेवून बसून होता.

तेव्हा यिमामनं इंजेराचा मोठा तुकडा तोडला, त्यात अर्धा मासा आणि शिरो गुंडाळलं आणि तो घास बिराराच्या तोंडासमोर धरला. आमच्याकडे दुसऱ्यानं भरवलेला घास नाकारत नाहीत. नाकारला तर तो नुसता घास राहत नाही. यिमामचा हात तसाच अधांतरी राहिला. आजूबाजूचे लोक मुद्दाम दुसरीकडे बघायला लागले. येशीहरेग परात घेऊन चालली होती, ती जागच्या जागी उभी राहिली.

बिरारानं तोंड उघडलं.

बराच वेळ चावत राहिला. डोळ्यांत पाणी होतं. बर्बेरे जरा जास्तच पडला होता हे खरं, पण तेवढ्यानं नसावं. गिळून झाल्यावर म्हणाला, "मीठ बरोबर आहे." आणि मग स्वतःच्या हातानं जेवायला लागला. त्याच्याबरोबर आलेला एक ठार बहिरा म्हातारा तिसरा मासा उचलत मोठ्यानं म्हणाला, या तळ्यात चांगली जात निघाली, काटाच नाही. मांडवभर हशा पिकला, आणि काय झालं म्हणून तो सगळ्यांकडे बघत बसला.

अन्न पुरलं, वर उरलं. संध्याकाळी भांडी घासताना येशीहरेग एकदम खाली बसली, तोंड ओढणीत घातलं आणि रडली. इतके दिवस लोकांबरोबर रडली होती, हे एकटीचं होतं. आम्ही कुणी जवळ गेलो नाही. थोड्या वेळानं उठून ती परत मडकी घासायला लागली.

सकाळी बिरारा बैल सोडायला आला. दावं गुंडाळत म्हणाला, ठीक आहे, झालं ते झालं. वर्षाला मात्र बैल पाडायचाच, तेव्हा मी ऐकणार नाही.

"दादा," ती म्हणाली, "वर्षही उपवासातच येतं."

त्यानं बोटांवर महिने मोजले. परत मोजले. मग दाम्तेवच्या नावानं एक शिवी हासडली, जशी लहानपणी भाऊ भावाला घालतो तशी, आणि बैल घेऊन निघाला. वेशीपर्यंत त्याच्या हसण्याचा आवाज येत होता.

सगळं गाव त्या दिवसापासून बदललं असं काही नाही. लग्नांत अजून दोन मांडव पडतात, पडावेत. येशीहरेगनं बैल वाचवला असं मागून बोलणारे आहेत, तिला ते ठाऊक आहे. दाम्तेवच्या जागी आता तीच गिरणीवर बसते. यिमाम पट्टा सांभाळतो, ती पेटी सांभाळते, आणि दळण ओलं आणलं म्हणून बायकांना ओरडते.

दोन वर्षांनी माझी सासू गेली. तिच्या नावानं जेवण घालायचं होतं. आमचा उपवास नव्हता, त्यांचाही नव्हता. यिमामचे भाऊ गोऱ्हा बघून आले. मी म्हटलं, सासूबाईंच्या नावानं माझ्या घरी एकच मांडव पडेल, तेलातलंच रांधलं जाईल, जनावर पाडायचं तर तुमच्या घरी पाडा. शब्द तेच होते जे मी ठरवले होते, आणि मी ते मागे घेतले नाहीत. भाऊ चिडले. यिमाम हरभऱ्याचं पोतं खांद्यावर घेऊन गिरणीकडे गेला.

रांधायच्या दिवशी येशीहरेग सगळ्यांच्या आधी हजर झाली. ओढणी कमरेला खोचली, माझ्या चुलीवरच्या कोऱ्या मडक्यावरचं झाकण काढलं, आत वाकून पाहिलं आणि म्हणाली, "कांदा कच्चा आहे, लुबाबा. अजून परतून घे."